कोणते तेल, ते लिहिले नव्हते

सोमवार, १४ जुलै २०२५. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे झाली होती. रुग्णालयाच्या ग्रंथालयात परिचारिकांकडून त्या महिन्यात आलेला हा अकरावा प्रश्न होता, आणि ग्रंथपाल नागोराव वानखडे यांना त्या आकड्याचे मोठे अप्रूप होते.

अप्रूप वाटावे असेच ते होते. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे एका विश्वस्त संस्थेचे रुग्णालय. त्याला जोडून परिचर्या महाविद्यालय, आणि दोहोंच्या मधल्या इमारतीत वैद्यकीय ग्रंथालय. वर्षभरापूर्वीपर्यंत तिथे परिचारिका येत त्या डबा खायला, कारण पंखे चांगले चालत. नागोराव नागपूरला एका प्रशिक्षणाला जाऊन आले आणि त्यांनी दारावर पाटी लावली : वॉर्डात रोज जे करता त्याबद्दल शंका असेल, तर प्रश्न लिहून द्या. त्यावर काय अभ्यास झाले आहेत ते शोधून मराठीत एका पानावर मिळेल.

सुरुवातीला सगळ्या हसल्या. मग अस्थिरोग वॉर्डातून एक प्रश्न आला. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पाठ लाल झाली की तिथे स्पिरिट आणि पावडर चोळायची जुनी रीत होती. ती बरी की वाईट? नागोरावांनी अभ्यास शोधले. लाल झालेल्या जागी चोळल्याने आतली नाजूक कातडी आणखी दुखावते, त्यापेक्षा कूस वेळच्या वेळी बदलावी, असे पान तयार झाले. स्पिरिटच्या बाटल्या कपाटात गेल्या. "आजवर किती पाठी सोलल्या असतील मी, देव जाणे," असे तिथल्या वयस्क सिस्टर म्हणाल्या, आणि प्रश्नांची रीघ सुरू झाली.

पानाचा नमुना नागोरावांनी स्वतः ठरवला होता. अक्षर मोठे, पान एकच, आणि शेवटी चौकटीत निर्णय : करा, किंवा करू नका. त्या चौकटीवर त्यांचा फार जीव होता.

अकरावा प्रश्न घेऊन आली होती अंजू राठोड. नवजात विभागाची प्रमुख परिचारिका, वय पस्तिशीचे, माहेर महागावकडच्या तांड्यातले. कमी वजनाची पण धोक्याबाहेर आलेली बाळे जिथे आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवतात, ती 'कांगारू खोली' तिच्या ताब्यात होती.

"सर, तेलाचं काही सापडेल का?"

"कसलं तेल?"

"बाळाच्या अंगाला लावायचं. रोज दारात झडती घ्यावी लागते हो. आज्यांच्या ओच्यातून बाटल्या निघतात. परवा एक म्हणाली, तू सिस्टर हायेस का जेलर?"

नागोराव हसले. अंजूही हसली, पण लगेच गंभीर झाली.

"निम्म्या तर माझ्याच तांड्यांकडच्या. आपली पोरगी असून तेलाला नाही म्हणते, हे ऐकावं लागतं. वाईट असेल तर तसं ठामपणे सांगू. चांगलं असेल तर उगाच कशाला अडवायचं? सवय म्हणून अडवतोय आम्ही, दुसरं काही नाही."

"प्रश्न असा पाहिजे," नागोराव म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

दुपारी त्यांनी शोध घेतला. अनेक अभ्यास एकत्र करून तपासणारा एक मोठा लेख सापडला. त्याचा सारांश वाचायला मोकळा होता : अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या त्वचेला हलक्या हाताने तेल लावल्यास वजनवाढीला मदत होते, असे दिसते. पूर्ण लेखाला मात्र कुलूप होते. वर्गणी संस्थेने दोन वर्षांपूर्वीच बंद केली होती. मोठ्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला ई-मेल केला की तिथले लोक लेख पाठवत. नागोरावांनी ई-मेल लिहायला घेतलाही होता. तेवढ्यात अधीक्षक डॉ. धोटे यांचा फोन आला.

"नागोराव, गुरुवारी तपासणी समिती येतेय. नवजात विभागाच्या भिंतीवर तुमचं एखादं ताजं पान दिसू द्या. त्यांना हे पुराव्यावर आधारित वगैरे फार आवडतं."

ई-मेल अर्धाच राहिला. परिचर्या महाविद्यालयाच्या मुलींना दरवर्षी पहिल्याच तासाला नागोराव बजावून सांगत, की नुसता सारांश वाचून कोणताही निष्कर्ष काढू नये. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी नुसत्या सारांशावरून पान लिहिले आणि चौकटीत टंकले : तेल लावणे – करा.

बुधवारी अंजू पान न्यायला आली तेव्हा नागोरावांचा डबा उघडलेला होता. तिने उभ्या उभ्या पान वाचले, पुन्हा वरून खाली पाहिले.

"सर, कोणतं तेल ते नाही लिहिलं."

"सिस्टर, तेल म्हणजे तेल," नागोराव भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले. "सगळंच लिहीत बसलो तर पानाचा ग्रंथ होईल, आणि ग्रंथ तुम्ही कोणी वाचत नाही."

अंजू क्षणभर घुटमळली. मोठ्या माणसाच्या विनोदाला हसतात तेवढी हसली, आणि पान घेऊन गेली. गुरुवारी समितीने त्या पानाचे छायाचित्र काढले. समितीतल्या एका बाईंनी नागोरावांना विचारले, तुम्ही ग्रंथपाल असून हे करता? तो प्रश्न त्यांनी घरी जाऊन दोनदा सांगितला.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी वार्षिक अहवालासाठी त्याच पानाचे छायाचित्र हवे होते, म्हणून नागोराव मोबाइल घेऊन नवजात विभागात गेले. भिंतीवर पान नव्हते. चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे उरले होते आणि त्यांत कागदाचे कोपरे अडकलेले होते. कोणीतरी ते ओढून काढले होते.

बाहेरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. हातांत जुन्या वळणाच्या पांढऱ्या बलोती बांगड्या, कपाळावर गोंदण, मांडीवर फडक्यात गुंडाळलेली काचेची बाटली. नागोरावांना भिंतीकडे पाहत उभे राहिलेले बघून तिनेच विचारले, "तो कागद पाहून राह्यले का, भाऊ? काढला तो. डॉक्टरनं काढला, रागारागानं."

"का काढला?"

"माह्या नातवापायी."

तिचे नाव सुखीबाई. महागावकडच्या एका तांड्यावरून सून सोनू हिच्या बाळंतपणासाठी आली होती. बाळ दिवस भरायच्या आधी झाले, सोळाशे ग्रॅमचे. काचेच्या पेटीतून निघून कांगारू खोलीत आले होते, दूधही ओढू लागले होते.

"मंग अंजू म्हने, याडी, आता तेल लावलं तं चालते, कागद आला हाये. आमच्याकडं आईले याडी म्हन्तेत. मले लई बरं वाटलं. मी घरून बोलावलं तेल. सरसूचं, चांगलं लसून अन् ओवा टाकून कडवलेलं. माह्ये चार लेकरं त्याच्यावरच वाढले." ती थांबली. "तीन दिस चोळलं, भाऊ. जांघा, बगला, समदीकडं. चौथ्या दिशी कातडं निघालं. मंग पुवाचे फोड आले. मंग पोट्टं दूधच घेईना. आता आत नेलं, सलाइन लावली. सोनू माह्यासंग बोलत नाही."

नागोरावांच्या हातातला मोबाइल अजूनही छायाचित्र काढायच्या बेतात उघडा होता. तो त्यांनी खिशात टाकला.

"ज्यानं कागद लिवला त्यानं कधी लेकराले तेल लावलं असन का वो?" सुखीबाईने विचारले. त्यात टोमणा नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचे होते. "तुमी डॉक्टर हाये का?"

"नाही. मी लायब्ररीत असतो."

"थे काय रायते?"

"पुस्तकं असतात. ती सांभाळतो."

"मंग तुमचं काय काम इथं?" ती म्हणाली, आणि त्यांच्यासाठी बाकावर थोडी सरकली. नागोराव बसले नाहीत. काम आठवल्यासारखे करून ते निघाले. जिन्यात त्यांच्या लक्षात आले, की आपण त्या बाईला आपले नावही सांगितले नाही.

खाली आल्याआल्या त्यांनी तो अर्धा राहिलेला ई-मेल पूर्ण केला आणि पाठवला. शनिवारी सकाळी ग्रंथालय उघडले तर पूर्ण लेख येऊन पडलेला होता. मागायचाच काय तो उशीर होता.

लेख बत्तीस पानांचा होता. हवी ती गोष्ट फार आत दडलेली नव्हती. सातव्या पानावर तक्त्यातच होती. अभ्यासांत वापरलेली तेले खोबरेल आणि सूर्यफुलाची, तीही शुद्ध आणि बंद बाटलीतली. मोजून काही थेंब, स्वच्छ हाताने नुसते पसरायचे, चोळायचे नाही. त्याखाली वेगळा परिच्छेद होता : सरसूचे, म्हणजे मोहरीचे, तेल नाजूक कातडीला अपाय करते असे आधी दिसून आल्यामुळे ते जाणीवपूर्वक वगळले आहे. अंजूने उभ्या उभ्या विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर होते. दुसऱ्या कोणी ते इतके नेमके विचारले नव्हते, आणि त्यांनी भाकरी मोडत ते उडवून लावले होते.

त्या रात्री जेवताना त्यांनी बायकोला विचारले, "आपली पोट्टी लहान होती तवा कोनतं तेल लावत होती तू?"

पंचफुलाबाईंनी वाढता वाढता हात थांबवला. "आता विचारून राह्यले? पोट्टीचं लगन होऊन तिले पोट्टी झाली."

"सांग ना."

"खोबरेल. तुमची माय सरसूचं म्हने, त्यावरून आमचं भांडनही झालतं. तुमी तवा घरात होते, पेपर वाचून राह्यलते." त्यांनी आमटी वाढली. "तुमी कधी तिची आंघोळ पाह्यली असन तं ना. तुमाले वाटते तेल एकच रायते, दिव्यातलं."

त्या सहज बोलल्या आणि आत गेल्या. नागोरावांनी ताटातला घास संपवला. आपण घाईत चुकलो, असे ते दिवसभर स्वतःला समजावत होते. आता त्यांना दिसले की घाई नंतरची. तेलात तेल वेगळे असते, ही शंकाच आपल्याला आली नाही. आणि जिला आली, तिची शंका आपण हसण्यावारी नेली.

मंगळवारी अधीक्षकांच्या दालनात चौकशी होती. टेबलापलीकडे डॉ. धोटे, अलीकडे एका खुर्चीत अंजू, दुसऱ्या खुर्चीत नागोराव. नागोरावांच्या पिशवीत पूर्ण लेख होता. आज सांगायचे, असे ठरवूनच ते आले होते.

डॉ. धोट्यांनी ते काढून टाकलेले पान समोर ठेवले. त्याचे चारही कोपरे फाटलेले होते.

"पानात चूक नाही," ते म्हणाले. "समितीने त्याची नोंद घेतली आहे, चांगली नोंद. पान बरोबर, अंमलबजावणी चुकली. बाटलीत काय आहे हे सिस्टरने बघायला नको? लसूण टाकलेलं तेल, वासानेसुद्धा कळतं." ते नागोरावांकडे वळले. "नागोराव, तुमच्यापुरतं एवढंच. पान अभ्यासावर आधारलेलं होतं ना?"

इथे बोलायचे होते. पिशवी मांडीवर होती. अधीक्षकांचा चेहरा प्रसन्न होता, दार त्यांनी स्वतःच उघडून धरले होते. त्यातून बाहेर पडायला एक शब्द पुरेसा होता.

"होय सर," नागोराव म्हणाले. "अभ्यासावर आधारलेलं होतं."

अंजूने त्यांच्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर बरे झाले असते. ती टेबलावरच्या फाटक्या कोपऱ्यांकडे पाहत होती.

"सिस्टर, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

आता ती सांगेल, असे नागोरावांना वाटले, आणि लाजिरवाणी गोष्ट ही, की ती सांगू नये असेही त्यांना वाटले.

"नाही सर," अंजू म्हणाली. "बाटली मी बघायला हवी होती. ते खरं आहे."

कारणे दाखवा नोटीस मिळेल आणि निर्णय होईपर्यंत तिला बाह्यरुग्ण विभागात केसपेपरच्या खिडकीवर बसावे लागेल, असे ठरले. चौकशी संपली.

जिन्यात नागोरावांनी तिला गाठले. "सिस्टर, थांबा."

ती थांबली. "सर, माझा एक प्रश्न तुमच्याकडे पडून आहे. नाळेला काही लावावं की कोरडी ठेवावी, तो."

"हो, काढतोय. या वेळी पूर्ण…"

"राहू द्या, नका काढू," ती म्हणाली. "आम्ही आजवर जसं करत आलो तसं करतो."

आवाजात राग नव्हता. शेजारणीची उसनी आणलेली वाटी धुऊन परत करावी, तशी तिने ती गोष्ट परत केली आणि खाली उतरून गेली.

नागोराव कठड्याला धरून उभे राहिले. खालून केसपेपरच्या रांगेचा गलका येत होता. प्रश्न लिहून द्या, ही पाटी लावायला त्यांना एक दिवस लागला होता. बायकांनी खरोखर लिहून द्यायला पाच महिने. आपल्याला ठाऊक नाही, असे कागदावर लिहून दुसऱ्याच्या हाती द्यायला किती धीर लागतो, हे त्यांना आता समजत होते, कारण तेवढा धीर ते स्वतः आत्ता दालनात दाखवू शकले नव्हते.

ते वळून वर गेले.

"आता काय?" डॉ. धोटे म्हणाले.

"सर, पान चुकीचं होतं. मी पूर्ण लेख वाचला नव्हता, फक्त सारांश वाचला. लेख हा." त्यांनी तो टेबलावर ठेवला, सातवे पान वर करून. "कोणतं तेल ते यात आहे. माझ्या पानात नाही. सिस्टरनी मला विचारलं होतं, कोणतं तेल. मी म्हणालो, तेल म्हणजे तेल."

अधीक्षकांनी सातवे पान वाचले आणि चष्मा काढला. "निवृत्तीला किती राहिलं तुमच्या?"

"दीड वर्ष."

"मग अर्ध्या तासापूर्वी हे का नाही बोललात?"

नागोराव उभेच राहिले.

"समितीला आता काय कळवू मी? की ज्याचा फोटो काढून नेलात ते पान रद्द समजा?"

"हो सर. तसंच कळवावं लागेल."

"लेखी द्या," डॉ. धोटे म्हणाले, आणि कोरा कागद पुढे सरकवला. "सिस्टरची नोटीस थांबवतो. पण एक लक्षात ठेवा, या कागदाने पोरगं बरं होत नाही."

"नाही सर," नागोराव म्हणाले, आणि लिहायला बसले.

सुखीबाई त्याच बाकावर होती. या वेळी नागोराव तिच्या शेजारी बसले.

"आजी, तो कागद मी लिहिला होता."

तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. "तुमी? अन् त्या दिशी काहून नाही सांगतलं? मी तुमाले भाऊ म्हून समदं सांगून राह्यलती."

"लाज वाटली."

"मंग आता नाही वाटत?"

"आता जास्त वाटते."

"लिवनारा मानूस अन् बोलाले एवढा येळ," ती पुटपुटली. मग म्हणाली, "मले कायले सांगता? माह्या हातानं झालं थे माह्या हातानं झालं. आमच्या पोरीले खिडकीत बसवलं म्हन्तेत, तिले सांगा. समद्यायसमोर सांगा. कोनत्या कोपऱ्यात नका सांगू, मले सांगून राह्यले तसं."

तिने फडके सोडले आणि बाटली त्यांच्या हातात दिली. "हे घेऊन जा. माह्याच्यानं फेकवत नाही. लई मायेनं कडवलं होतं."

बाटली घेऊन नागोराव उतरले. बाह्यरुग्ण विभागात दुपारची रांग होती. मारेगावहून पहाटे निघालेली माणसे भिंतीला टेकून बसली होती. खिडकीत अंजू नावे लिहून घेत होती, शेजारी आणखी दोघी परिचारिका. नागोरावांनी रांगेच्या बाजूने पुढे होऊन सांगितले. चूक आपली होती, सिस्टरने विचारले होते, आपण ते हसण्यावारी नेले होते. एवढी तीन वाक्ये त्यांनी म्हटली. रांगेतल्या कोणाला काही कळले नाही. एकजण म्हणाला, भाऊ, नंबरनं या. शेजारच्या दोघींनी मात्र लिहिणे थांबवले.

अंजूने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"ठीक आहे, सर," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाला वय विचारले.

आठवड्याभरात ती नवजात विभागात परतली. नागोरावांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी घरी दाखवली आणि पंचफुलाबाईंनी ती वाचून परत दिली. बाळ पंधराशेपर्यंत उतरले होते. मग ते सावरले, आईच्या छातीशी आले, आणि ऑगस्टच्या अखेरीस त्याला घरी सोडले. नागोराव त्या वेळी वजनकाट्यापासून लांब, दाराशी उभे होते. अंजूने वजन मोठ्याने वाचले, दोन हजार चाळीस, आणि सोनूने बाळ उचलून सासूच्या हाती दिले. सुखीबाईने त्याला हुंगले.

पानाचा नमुना बदलला होता. चौकट काढून टाकली होती. माथ्यावर आता 'पूर्ण लेख वाचला' असे लिहून त्याखाली नागोरावांची सही असे, आणि ज्या वॉर्डाचा प्रश्न त्या वॉर्डाच्या सिस्टरने शंका घेऊन झाल्याशिवाय पान भिंतीवर जायचे नाही. कोऱ्या नमुन्यांचा गठ्ठा टेबलावर होता, आणि खालच्या खणात ती बाटली. खण उघडला की लसणाचा वास येई. नागोराव रोज सकाळी पाळी बदलताना प्रत्येक वॉर्डात जाऊन उभे राहत. परिचारिका त्यांना खुर्ची देत, चहा विचारत, नागोरावही चहा घेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये परिचारिकांकडून ग्रंथालयात आलेले प्रश्न : शून्य.